दिल्या लेकीकडून काय घ्यावं

माझ्या बापाने धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले. नवस सोडले, पाटलाच्या दारातलं राबणं सोडलं, तिथली शिळी भाकर सोडली. सोडण्यात माणूस मोठा बहाद्दर होता. एकच गोष्ट त्याच्याने सुटली नाही. दिलेल्या लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही. "हे कोणत्या पोथीत लिव्हलंय?" असं मी विचारलं की म्हणायचा, "पोथीचं न्हाई ते. आपलं हाय."

माझ्या लग्नाला सातवं वर्ष लागलं होतं आणि लेकरू नव्हतं. माहेर डोंगरकड्याचं, सासर सिद्धेश्वरचं. नवरा धरणाच्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा. बा भर उन्हाळ्यात एसट्या बदलत मला भेटायला यायचा, अंगणातल्या लिंबाखाली बसायचा, ख्यालीखुशाली विचारायचा आणि कोरड्या घशाने परत जायचा. सासू मुद्दाम तांब्या भरून पुढे ठेवायची. तो तांब्याला हात जोडायचा. धरणाच्या गावाला येऊन तहानलेला जाणारा पाहुणा म्हणून आमच्या आळीत त्याची चेष्टा व्हायची. मला हसू यायचं नाही. तो भरलेला तांब्या तसाच राहिला, की हिला अजून काही नाही हे सगळ्या आळीला पुन्हा एकदा कळायचं.

हे सत्तरचं दशक निम्मं सरलं तेव्हाचं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीचे. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेवर मास्तर म्हणून लागला. आमच्या घरातला पहिला पगारदार माणूस. त्याला मी कडेवर वागवलेलं, त्यामुळे तो मास्तर झाला तरी मला त्याच्या नाकाचा शेंबूडच आठवायचा आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायची. तो चिडायचा नाही. म्हणायचा, "अक्का, तूच पुसलास ना? मंग सांग की समद्यायला."

नोकरी लागल्यावर चार-सहा महिन्यांत त्याचं तोंड भरलं. गाल वर आले, डोळे बारीक दिसायला लागले. आई खूश. आमच्याकडे कधी कोणाचं अंग भरलंच नव्हतं, त्यामुळे भरलेलं अंग आणि सुजलेलं अंग यातला फरक कळायला कोणी शिकलेलंच नव्हतं. "पोराला नोकरी मानवली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि त्याची दृष्ट काढायची. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायला लागला, चप्पल चढेना, चार पावलं चाललं की दम लागायला लागला, तेव्हा कुठे नांदेड गाठलं. नांदेडच्या डॉक्टरने मुंबईला धाडलं. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या.

बा तिथे त्याच्याजवळ होता. मुंबईत राहणारा माझा मामाही होता. पोटात नळी घालून पाणी आत सोडायचे, काही वेळाने काढायचे, की दोन दिवस त्याला बरं वाटायचं. पण हे असं किती दिवस चालणार? डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्या कोणी आपली एक किडनी दिली तर ती याला बसवता येईल. तेव्हा ही गोष्ट मुंबईलाही नवी होती, आमच्याकडे तर कोणी ऐकलेलीही नव्हती. आधी बानेच सदरा काढला. रक्त जुळलं, पण त्याचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला, की डॉक्टर म्हणाले, तुम्हाला टेबलावर घेतलं तर दोघं जाल.

भावाला मामाच्या हवाली करून बा आईला न्यायला गावी आला. मी बातमी कळताच माहेरी येऊन बसले होते. आम्ही तिघं नांदेडला गेलो, आईचं रक्त तपासायला. आई सुईला घाबरून तोंड फिरवून बसली होती. तिच्या शेजारी मीही दंड उघडा करून हात पुढे केला. बा म्हणाला, "तू काहून? तुझं न्हाई घ्यायचं." मी म्हटलं, "बघायला काय जातंय?" आईचं रक्त दुसऱ्याच गटाचं निघालं. माझं आणि भावाचं एक होतं.

मी तर उड्या मारायच्या बेतात होते. बाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "चला घरी," एवढंच म्हणाला.

घरी भावकी जमली. आमच्याकडे एखाद्याचं दुखणं त्याच्या एकट्याचं कधीच नसतं, सगळी भावकी त्यात बोट घालणार. डॉक्टरांनी माणूस पारखला रक्तावरून. आमच्या लोकांनी पारखला कामावरून, म्हणजे कोणावाचून कोणाचं अडेल त्याच्यावरून. बाचा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी काका म्हणते, तंबाखू मळत म्हणाला, "इच्यार कशाला करून राहिला? तिचंच घे. तिला कुठं लेकरू हाय? तिचं एक गेलं तर कोनाचं अडून राहिलं?"

हे तो दुष्टपणाने बोलला नाही. हिशेब बराबर मांडावा तसं बोलला, आणि बाकीच्यांनी मानाही हलवल्या. आईसुद्धा गप्प होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावाला माझं काय हवं ते मी तिथल्या तिथे कापून दिलं असतं, पण अडगळीतलं भांडं, जाऊ दे गेलं तर, म्हणून नाही. मी उठून म्हटलं, "देते मी. माजा भाऊ हाय म्हनून देते. उरलेली हाय म्हनून न्हाई."

"तू देऊन राहिलीस, पर मी घेत न्हाई," बा म्हणाला. "दिल्या लेकीकडून काय घ्यावं? तिचं अंग आता तिच्या घरचं हाय. पोराला जगवायला लेकीचं अंग फाडलं म्हनून नावं ठेवतील."

"दिली म्हंजी काय बाजारात इकली काय मला? गाय हाय का मी?"

मी रागाच्या भरात सिद्धेश्वरला निघून आले. एसटीत सगळ्या वाटेने रडले, आणि रडताना कोणावर रडतेय तेच कळेना. काकाने मला फुकट ठरवलं म्हणून, की बाने मला परकी ठरवलं म्हणून? आणि तिकडे भाऊ पोटातल्या नळीवर दिवस काढत होता. या दोघांच्या इज्जतीच्या भांडणात त्याचा जीव चालला होता.

आठवड्याने बा आला. भर दुपार होती. मुंबईहून मामाचा निरोप आला होता, पोराच्या पोटात नळीची जागा पिकली, आता फार दिवस निघायचे नाहीत. हे त्याने नंतर सांगितलं. आधी तो लिंबाखाली बसला. सासूने सवयीने तांब्या आणून ठेवला आणि तोंड फिरवून आत निघाली. बाने तांब्या उचलला. घटाघटा, सदऱ्यावर पाणी सांडत, सगळा तांब्या रिकामा केला. सासू उंबऱ्यात थबकली. माझा बाप काय मागायला आलाय ते मला त्या पाण्यावरून कळलं, आणि मला इतकं वाईट वाटलं, की जिंकल्याचा आनंद बाजूलाच राहिला.

"इहीणबाई," तो म्हणाला, "पोरीला मुंबईला नेऊ का?"

माझी सासू तोंडाची फटकळ, पण दगड नव्हती. तिने येऊन रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "न्या. पर जशी नेता तशी आनून सोडा." जशीच्या तशी कशी आणणार, हे तिलाही ठाऊक होतं. माझा नवरा कालव्यावरून आला, त्याने ऐकून घेतलं आणि माझी पिशवी उचलून एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "भिऊ नको." आवाजावरून भ्यालेला तोच होता.

नांदेडहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई. भावाला पाहिलं आणि मी खाटेचा गज धरला. नोकरीने भरलेलं ते तोंड कुठच्या कुठे गेलं होतं. राख फासल्यासारखी कातडी, आणि श्वासाला लघवीचा वास. मला बघून त्याने डोळे मिचकावले. "आली का देनारी," म्हणाला.

तपासण्या सुरू झाल्या. लग्न जमवताना पोरीला बघतात तसाच प्रकार. उभी राहा, वजन कर, दात दाखव, कधी आजारी होतीस का, घरात कोणाला काय आहे. पहिल्या वेळी वरून बघितलं होतं, आता आतून बघायचे, एवढाच फरक. दिवसभराची लघवी डब्यात धरायला लावली आणि तो डबा घेऊन सगळ्या लोकांमधून जायचं. मी डब्यावर पदर झाकायची, जणू शेजारणीकडे ताक घेऊन चाललेय. माझं रक्त आणि त्याचं रक्त एकत्र करून बघितलं, एकमेकांवर उठतं का. नाही उठलं. तिथली डॉक्टरीणबाई, माझ्याच वयाची असेल, हसून म्हणाली, "तुमचं छान जमतंय." मी वॉर्डात जाऊन सगळ्यांना सांगितलं. मामाने गावाकडे निघालेल्या एका माणसाबरोबर निरोपही धाडला, जुळलं म्हणून. गावाला वाटलं, झालंच काम.

शेवटची राहिली होती ती फोटोची तपासणी. दंडात औषध टोचतात, ते अंगभर गरम होऊन पसरतं, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, आणि मग पोटाचे फोटो काढतात. औषध किडन्यांत उतरलं, की त्या फोटोत पांढऱ्या दिसतात. एक फोटो काढला. थांबायला सांगितलं. परत काढला. परत थांबायला सांगितलं. मग डॉक्टरीणबाई आली, तिच्यामागून मोठे डॉक्टर आले, आणि ते दोघं फोटो उजेडावर धरून एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागले. त्यानंतर आणखी एक तपासणी केली, खात्रीसाठी.

डॉक्टरीणबाईने मला आणि बाला बोलावून फोटो दाखवला. डाव्या बाजूला पांढरी किडनी, चांगली मोठी. उजव्या बाजूला काळं. "बाई, तुम्हाला एकच किडनी आहे," ती म्हणाली. "जन्मापासून. दुसरी तयारच झाली नाही. काही माणसांत असं असतं. तुम्हाला त्याचा त्रास नाही, होणारही नाही. पण तुमची घेता येणार नाही."

बा त्या काळ्या जागेकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय आलं ते मी पाहिलं. सुटल्याचं आलं. लेकीचं अंग फाडावं लागणार नाही म्हणून एक क्षणभर माझा बाप सुटला. पाठोपाठ त्याला कळलं असावं, की मग पोरगा गेला. तो तिथेच जमिनीवर बसला.

मला डॉक्टरीणबाईने मागे ठेवून घेतलं. पाळी विचारली, लेकरं विचारली, तपासलं. मग हात धुऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "जन्मतः एक किडनी नसलेल्या बायकांची गर्भपिशवीही पुष्कळदा अर्धवट घडलेली असते. तुमची तशीच आहे. तुमचा काही दोष नाही यात. कोणाचाच नाही." मी सासरी किती झाडपाले प्यायले होते, किती बायकांच्या ओटीभरणाला मला मागे सरायला लावलं होतं, ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. भाऊ मरणार हे कळून अर्धा तासही झाला नव्हता आणि मला हायसं वाटलं. मला माझीच शिसारी आली, पण वाटलं ते वाटलं.

भावाला मीच सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला चाललं नसतं. त्याचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "बा म्हनत होता, एकावर मानूस कसं जगावं," तो दम घेत घेत म्हणाला. "ही बघ. इतकी वर्सं जगून राहिली, अन् भांडून बी राहिली." मी त्याच्या उशीत डोकं खुपसलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मला घरी न्या."

परतीच्या गाडीत बाने मला कोपऱ्यात घेतलं. भाऊ बाकावर झोपला होता. "सासरी सांगू नको," बा म्हणाला. "एक कमी हाय म्हनलं की माघारी धाडतील तुला. गावात बी न्हाई सांगायचं. जुळलं न्हाई म्हनायचं." मी म्हटलं, "अरे, जुळलं म्हनून निरोप गेलाय की." तो म्हणाला, "मंग फिरलं म्हनायचं."

नवऱ्याला मी सांगितलं, पुढे सगळं सांगितलं, पिशवीचंही. तो कालव्याच्या कडेला बसून ऐकत राहिला. त्याने दुसरी बायको केली नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिकडेच टांगून राहायचा. आईला बाने सांगितलं. बाकी कोणालाच नाही.

भावाने डोंगरकड्याला घरीच जीव सोडला, आमच्या सगळ्यांच्या देखत. तोपर्यंत मी तिथेच होते. त्याचे पाय दाबत बसायची, सूज खालून वर चढताना बघायची, आणि उजव्या कुशीवर हात ठेवून स्वतःलाच शिव्या द्यायची. काय करायचंय त्या डाव्या एकट्या तुकड्याला, त्यालाही घेऊन टाका, असं मनात यायचं. देता आलं असतं तर दिलंही असतं. घेणारं कोणी नव्हतं.

तो गेल्यावर बोलणं सुरू झालं. आधी आडून, मग समोर. जुळलं होतं, मग फिरलं कसं? रक्त काय दुधासारखं नासतं व्हय? पोरीने ऐन वेळी माघार घेतली. सासूने दम भरला असणार. काकाच सगळ्यांत पुढे होता. "लेकरू न्हाई, बाळ न्हाई, तरी जिवाला एवढी जपून राहिली," हे त्याचं वाक्य माझ्यापर्यंत दोन बायकांनी आणून पोचवलं, मीठ लावून. मी बाकडे पाहिलं. तो खाली मान घालून वाकळ झटकत होता. माझ्या संसारासाठी त्याने मला गावात भ्याड ठरू दिलं. हा सौदा त्याने मला न विचारता केला, तसे त्याने माझे सगळेच सौदे न विचारता केले. मी त्याच्यावर चिडले, आणि त्याच्यावाचून माझं कोणी नव्हतं हेही खरं.

एक दिवस वाईट बोलणं फारच झालं तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. पाण्याला आलेल्या बायकांना मी सांगून टाकलं, मला एकच हाय म्हणून. त्या हसल्या. बकरं कापताना सगळ्यांनी पाहिलेलं होतं, गुर्दे दोनच असतात. एक इकडे, एक तिकडे. "एकच गुर्दा असतंय व्हय कुठं?" एक जण म्हणाली. "अक्का, खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलावं." मी घागर तिथेच टाकून घरी आले.

आई चुलीपाशी बसली होती. भाऊ गेल्यापासून ती बोलायची कमी, माझ्याशी तर जवळजवळ नाहीच. मी तिच्याजवळ जाऊन बसले, गुडघ्यात डोकं घालून. बऱ्याच वेळाने तिचा हात माझ्या पाठीवर आला. मला भडभडून आलं. किती दिवसांनी माझ्या आईने मला हात लावला होता. हात खाली सरकला, कमरेच्या वर, डाव्या बाजूला. बोटं जरा दाबून थांबली. मग उजव्या बाजूला गेली. तिथेही दाबून थांबली. परत डाव्या बाजूला आली.

ती मला गोंजारत नव्हती. चाचपून बघत होती. मी श्वास धरला आणि हलले नाही, तिला नीट बघता यावं म्हणून.